दुसऱ्या थुटमोसचे टिपणीसकाका

खुर्चीवर बसण्याआधी टिपणीसकाका तिच्यावर फुंकर मारत. खुर्ची नुकतीच पुसलेली असली तरी त्यांना फरक पडत नसे. वाकायचं, गाल फुगवायचे, हलकेच फू करायचं आणि मगच टेकायचं. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आमच्या नव्याकोऱ्या सोफ्यावर फुंकर मारली आणि माझ्या बायकोचा, मेधाचा, चेहराच पडला.

ते बघून काका म्हणाले, “राग मानू नकोस गं. साइटवरची सवय आहे. तिथं आधी फुंकर, मग हात.”

साइट म्हणजे इजिप्त. त्या दिवशी आम्हाला ते माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत होतं, की मनोहर टिपणीस हे मूळचे नागपूरचे गृहस्थ हाउन्सलोमध्ये आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहतात, आयुष्यभर विमानतळावर कार्गोत नोकरी करून निवृत्त झालेत, आणि ईलिंगच्या एका हॉलमध्ये दर रविवारी मराठीचा वर्ग घेतात. आमची इरा तेव्हा नऊ वर्षांची होती. वर्गाला जायचं म्हटलं की तिचं पोट दुखायचं.

पहिल्याच रविवारी पोटदुखी थांबली. काकांनी बाराखडीच्या आधी फळ्यावर एक लांबट चौकट काढली आणि म्हणाले, “इजिप्तमध्ये राजाचं नाव असं चौकटीत लिहायचे. आज प्रत्येकानं आपलं नाव मराठीत लिहायचं, चौकटीत. ज्याची वेलांटी चुकेल तो प्रधान.” मुलांनी जीव तोडून वेलांट्या घोटल्या. इरा घरी आली ती ‘टिप्सकाका, टिप्सकाका’ करतच. टिपणीस हा उच्चार त्या मुलांच्या जिभेला जमत नव्हता, आणि काकांनी तो कधी सुधारला नाही.

महिन्यातून एका शनिवारी ते मुलांना लंडनच्या म्युझियममध्ये नेत. बरोबर एकदोन पालक लागायचे, म्हणून मी बऱ्याचदा असे. तिथं त्यांचा एकच नियम होता: आधी बघायचं, लेबल नंतर वाचायचं. कुणी आधी लेबलाकडे वळलं की ते त्याच्या डोळ्यांपुढे आपली हॅट धरत. बघायचं म्हणजे तरी कसं? गुडघे दुखत असताना ते फरशीवर उकिडवे बसत आणि मुलांना खालून वर बघायला लावत. “राजासमोर उभं राहून राजा दिसत नाही. मूर्ती करणाऱ्याला माहीत होतं, तुम्ही खाली असणार.”

एकदा एका दाढीवाल्या राजाच्या चित्रापुढे त्यांनी सांगितलं, की ही बाई आहे, हॅटशेप्सूट. इरानं विचारलं, “काका, तो राणी दाढी का लावते?”

“राजा व्हायचं होतं ना तिला. लोकांना राजा म्हटला की दाढीच दिसायची. मग तिनं काय करावं?”

“मग तिचा नवरा कुठेय?”

काकांचा चेहरा उजळला. या प्रश्नाची ते कायम वाट बघत असत. “त्याचं कुणी विचारतच नाही बघ. दुसरा थुटमोस. बाप मोठा लढवय्या. बायको इतकी कर्तबगार, की हा गेल्यावर तीच राजा झाली. मुलगा तर जिथं जाईल तिथं जिंकणारा. आणि हा मधला. आजारी असायचा, लवकर गेला. याचं प्रेत सापडलंय, पण दुसऱ्याच कुठल्यातरी खड्ड्यात, बाकीच्या राजांबरोबर कोंबलेलं. स्वतःचं थडगं मात्र सापडत नाही. एवढ्या मोठ्या राजाला मेल्यावर स्वतःची खोली नाही.”

इरा म्हणाली, “आपण शोधूया.”

“शोधतोच आहे मी,” काका म्हणाले.

मला वाटतं, त्या मोहिमेबद्दलचं त्यांचं पहिलं उघड वाक्य हेच. त्यानंतर थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. निवृत्त झाल्यावर काकांनी एका मोहिमेच्या लोकांना गाठलं होतं. लक्सरच्या पश्चिमेला डोंगरात काम चालू होतं. काका दर जानेवारीत तिथं जात, मडक्यांचे तुकडे धुवायचे, वेगळे करायचे, चित्रं काढायची, असं पडेल ते काम करत. दर जानेवारीत रविवारचा वर्ग बंद असे, आणि फेब्रुवारीत काका खजुराचं खोकं घेऊन उगवत. सोबत प्रत्येक मुलासाठी बोटाएवढ्या काचेच्या बाटलीत थोडी वाळू. इरानं आपली बाटली शाळेच्या बॅगेच्या चेनला बांधली होती. शाळा बदलली, बॅगा बदलल्या, बाटली नव्या बॅगेवर जात राहिली.

आमच्यासारख्या लोकांच्या गावात काका ही फार मोठी गोष्ट होती. आम्ही सगळे पुण्यामुंबईहून आलेले, बँकांच्या सिस्टीम चालवणारे. व्हिसा, मॉर्टगेज, मुलांच्या शाळा, यापलीकडे आमच्या गप्पा जात नसत. त्यात हा माणूस मेथीचा पराठा खाता खाता, “यंदा वारा फार होता, तंबूच उडाला,” असं सहज बोलून जाई. गणपतीत स्टेजवर सत्कार करायचा ठरला तर काका हात जोडत. “नको रे. मोहिमेच्या लोकांना प्रसिद्धी चालत नाही. मी आपला मागच्या रांगेतला.” त्यांच्या या नम्रतेवर आम्ही फिदा होतो.

इरानं आर्किऑलॉजी घ्यायचं ठरवलं तेव्हा आमच्या घरात महिनाभर धुसफुस चालली होती. शेवटी मेधानंच काकांना जेवायला बोलावलं. खरं तर त्यांनी इराला समजवावं म्हणून.

“काका, तुमचं सगळं छान आहे हो,” मेधा म्हणाली. “पण तुमची नोकरी झाली, पेन्शन आहे, मग तुम्ही हे करताय. हिच्या पोटाचं काय?”

काकांनी पानातला घास तसाच ठेवला. “मेधा, मला इतिहास घ्यायचा होता. वडील म्हणाले, आधी नोकरी बघ. बघितली. जन्मभर दुसऱ्यांच्या पेट्या विमानात चढवल्या. साठी उलटल्यावर पहिल्यांदा त्या डोंगरात पाय ठेवला, आणि तिथं बसून रडलो. का, तर गुडघे गेले होते. हिला साठीपर्यंत थांबवणार आहेस का?”

दुसऱ्या दिवशी मेधानं स्वतः इराबरोबर बसून युनिव्हर्सिट्या शोधायला सुरुवात केली.

इरा पहिल्या वर्षाला असताना ती बातमी आली. दुसऱ्या थुटमोसचं थडगं सापडलं. सकाळी फोनवर बातमी वाचली आणि मी तसाच, चपला घालून, काकांच्या दारात गेलो. माझ्याआधी तिथं चार जण पोचले होते. त्या रविवारी ईलिंगच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. कुणीतरी पेढे आणले होते. इरा खास त्यासाठी घरी आली होती. प्रोजेक्टर चालेना, तेव्हा काका म्हणाले, “पडदे ओढा आणि मुलांनो, सगळे जमिनीवर उताणे झोपा.”

मुलं झोपली. मोठीही काही झोपली. काकांनी सांगायला सुरुवात केली.

“पायऱ्या खाली जातात. पुढे बोळ, मातीनं गच्च भरलेला. राजाला पुरल्यावर थोड्याच वर्षांत पुराचं पाणी आत शिरलं होतं. आम्हाला वाटत होतं कुठल्यातरी राणीचं थडगं असेल, कारण आसपास सगळ्या राण्याच. मातीच्या वर वीतभर फट. त्या फटीतून पोटावर सरपटत जायचं. तोंडात माती, नाकात माती. आत पोचलो आणि मी उताणा झालो. बॅटरी वर धरली.” ते थांबले. हॉलमध्ये एक बाळ कुरकुरत होतं, तेही गप्प झालं. “निळं. सगळं निळं. आणि निळ्यावर पिवळ्या चांदण्या. तशा चांदण्या राण्यांना नसतात रे. फक्त राजाच्या छतावर काढतात. माझ्या शेजारचा साहेब हुंदके द्यायला लागला.”

“आणि तुम्ही?” इरानं अंधारातून विचारलं.

“मी त्याला रुमाल दिला.”

टाळ्या किती वेळ वाजत होत्या, मला सांगता येणार नाही. माझेही डोळे भरले होते.

तेव्हा इराला उन्हाळ्यात एका उत्खननावर जायची संधी मिळाली होती. स्कॉटलंडच्याही वर, ऑर्कनीच्या एका बेटावर. अभ्यासक्रमात तेवढं एक काम करणं भागच होतं, आणि त्या जागेसाठी वर्गात चुरस होती. पेढ्यांचा डबा हातात घेऊन ती हे काकांना सांगायला गेली. मी शेजारीच होतो.

“ऑर्कनी?” काका हसले. “पावसात भिजत दगड मोजायचे? नाही म्हणून टाक. पुढच्या जानेवारीत तू माझ्याबरोबर लक्सरला येते आहेस.”

“रिअली, काका?”

“तुझं नाव दिलंय मी. बोलणं झालंय.”

इरानं त्यांना अशी मिठी मारली, की त्यांची हॅट खाली पडली. सोमवारी तिनं ऑर्कनीला नाही म्हणून कळवलं. तो उन्हाळा तिनं हीथ्रोवरच्या एका दुकानात परफ्यूम विकण्यात घालवला आणि संध्याकाळी घरी येऊन अरबी शिकत बसली.

ऑक्टोबरमध्ये तिच्या युनिव्हर्सिटीत एक व्याख्यान ठरलं. त्या थडग्यावर काम केलेल्या एक बाई बोलणार होत्या. इरानं आम्हा दोघांना बोलावलं आणि काकांना तर आग्रहच केला. काका म्हणाले, गुडघा फार धरलाय, प्रवास झेपणार नाही. मग आम्ही दोघंच गेलो.

बाई साध्या होत्या आणि छान बोलत होत्या. पायऱ्या, मातीनं भरलेला बोळ, वरची फट. इरा खुर्चीच्या टोकावर बसली होती. प्रत्येक वाक्याच्या आधी ती माझ्या कानात म्हणायची, “आता चांदण्या येतील. बघ, बाबा.” चांदण्या आल्या. मोठ्या पडद्यावर निळ्या छताचा एक तुकडा. मेधानं माझा हात घट्ट धरला.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी इराचा हात वर. ती उभी राहिली आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की तिला प्रश्न नाही, फक्त तुमच्या टीममधल्या मिस्टर टिपणीसांचा नमस्कार पोचवायचाय, ते माझे टीचर आहेत, त्यांच्यामुळे मी इथे आहे, आणि जानेवारीत भेटूच.

बाईंनी कपाळाला आठी घालून आठवून बघितलं. “आय ॲम सो सॉरी,” त्या म्हणाल्या. “मिस्टर...?”

“टिपणीस. वयस्कर आहेत. ब्राऊन हॅट घालतात. ते छताखाली होते, तुमच्याबरोबर.”

“आमची टीम लहान होती,” बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. “मी सगळ्यांना ओळखते. कदाचित दुसरी एखादी मोहीम असेल?”

मागे कुणीतरी हसलं. वाईट हेतूनं नसेल, पण हसलं. इरा “थँक यू” म्हणून खाली बसली. तिचे कान लाल झाले होते.

इरा आमच्याबरोबरच घरी निघाली. गाडीत ती बराच वेळ बाईंचीच चूक काढत होती. “वर्कर्स किती असतात. त्या कशा सगळ्यांना ओळखतील?” मग चहासाठी हायवेवरच्या सर्व्हिसेसपाशी गाडी थांबवली तेव्हा तीच म्हणाली, “बाबा, अनिलदादाला फोन कर.” अनिल म्हणजे काकांचा पुतण्या, साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. मी स्पीकरवर फोन लावला आणि उगाच इकडचं तिकडचं बोलून विचारलं, की काका यंदा जानेवारीत कधी निघणार?

“नेहमीसारखेच येतील की इकडे,” अनिल म्हणाला.

“इकडे म्हणजे?”

“आमच्याकडे. काकू गेल्यापासून जानेवारीत त्यांना एकटं राहवत नाही. माझ्या मुलींना शाळेत सोडतात, आणतात. रविवारी मी त्यांना बीचवर नेतो. छोट्या बाटल्या असतात त्यांच्याकडे, त्यात वाळू भरून घेतात. मराठी शाळेत क्राफ्टला लागते ना?”

“इजिप्तला...”

“गेले होते एकदा, काकू असताना. टूरबरोबर. का रे, काय झालं?”

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. इरा मागच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन बसली होती. चेनला बांधलेली बाटली तिनं नखानं सोडवायला घेतली. गाठ फार जुनी होती, सुटेना. मेधानं पर्समधली छोटी कात्री काढून तिच्याकडे दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरा आणि मी काकांकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, इराचा चेहरा बघितला आणि बाजूला झाले. आत चहा टाकलेला होता. वरून विमानं जात होती; हाउन्सलोत बोलणं नेहमी विमान जाईपर्यंत थांबवावं लागतं, आणि त्या दिवशी ते थांबणं फार जड जात होतं.

“काका, तुम्ही तिथे गेलेच नाही?” इरानं विचारलं.

“गेलो होतो. कुसुम होती तेव्हा. पण त्या डोंगराच्या बाजूला टूरची बस जात नाही. लांबून दाखवला.”

“आणि मोहीम?”

“विचारलं होतं त्यांना. या वयाला घेत नाहीत म्हणाले.”

“आणि माझं नाव? तुम्ही म्हणालात, नाव दिलंय.”

काका चहाच्या कपाकडे बघत राहिले. “तुला एवढा आनंद झाला होता गं. तुझा चेहरा बघून मला मागे फिरता येईना.”

“आय सेड नो टू ऑर्कनी, काका.” तिचा आवाज फुटला. “तुम्ही समोर होता. तुम्ही मला नाही म्हणू दिलं.”

विमान गेलं. मग ती म्हणाली, “तुम्ही नुसतं वाचून सांगितलं असतं ना, तरी मी ऐकलं असतं. सगळं.”

“नसतंस ऐकलं,” काका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली होती, आणि त्या आवाजात माफी नव्हती, थोडा रागच होता. “वाचलेलं सांगणारा मास्तर असतो. मास्तराचं कोण ऐकतं? पहिली दोन वर्षं मी वाचलेलंच सांगत होतो. चार मुलं होती वर्गात. चार.”

इरा उठली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “मी ऐकलं असतं.” मग बाहेर पडली. मी तिच्यामागे गेलो.

आठवड्याभरात सगळ्यांना कळलं. आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं, पण सभागृहात आणखीही मराठी मुलं होती. काही लोक हसले. ज्यांनी पेढे आणले होते ते फार चिडले. एकजण म्हणाला, जाऊ दे रे, म्हाताऱ्यानं कुणाचं काय घेतलं? मेधा त्याच्याशी आजही बोलत नाही. ईलिंगचा वर्ग बंद पडला. काका साउथहॅम्प्टनला अनिलकडे कायमचे राहायला गेले, निरोप न घेता.

माझ्यापुरतं सांगायचं तर राग लवकर आला नाही. आधी एक विचित्र खोड लागली. त्यांची एकेक गोष्ट आठवायची आणि ती खरी होती का, हे तपासत बसायचं. तंबू उडाला तो कुठला? वडील खरंच नोकरी बघ म्हणाले होते का? कुसुमकाकू खरंच ते सांगत तितक्या हसऱ्या होत्या का? माणूस एका ठिकाणी खोटा निघाला, की त्याच्याबरोबर घालवलेली दहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून तपासावी लागतात, आणि तपासायला साक्षीदार कुणी नसतो. इरानंही तपासलं, पण तिच्या पद्धतीनं. काकांनी थुटमोसबद्दल, हॅटशेप्सूटबद्दल, त्या थडग्याबद्दल आजवर जे जे सांगितलं होतं ते पुस्तकांतून पडताळून पाहिलं. एका रात्री फोनवर म्हणाली, “बाबा, एकही चूक नाही.” आणि रडायला लागली. सगळं खोटं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यासाठी तिनं ऑर्कनीच्या लोकांना पुन्हा विचारलं. त्यांनी घेतलं. जुलैत ती गेली.

ऑगस्टमध्ये मेधाचे आईवडील पुण्याहून आले होते. त्यांना क्रूझवर बसवायला मी साउथहॅम्प्टनला गेलो. जहाजावर सोडून परत येताना बसस्टॉपवर काका दिसले. हॅट नव्हती. केस अगदी विरळ झाले होते, हातात दुधाची पिशवी. मी पुढे निघून जाऊ शकलो असतो, पण त्यांनी मला पाहिलं होतं.

“संदीप,” ते म्हणाले.

“कसे आहात?”

“बरा आहे. इरा?”

“ऑर्कनीला आहे.”

त्यांचा सगळा चेहरा बदलला. दुधाची पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली आणि एक पाऊल जवळ आले. “खोदतेय? स्वतः? काय सापडलं?”

माझ्या खिशात फोन होता. त्यात आदल्याच दिवशी आलेला फोटो होता: इराचा चिखलानं माखलेला तळवा आणि त्यावर हाडाची एक बारीक सुई, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी घासून गुळगुळीत केलेली. तो फोटो मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला होता. सगळे “वाव” म्हणून आपापल्या स्क्रीनकडे वळले होते. या देशात माझ्या ओळखीचा एकच माणूस असा होता, जो तो फोटो हातात घेऊन तासभर बघत राहिला असता, लेबल न विचारता. तो माझ्यासमोर उभा होता. माझा हात खिशात गेलाही होता.

“काही नाही,” मी म्हणालो.

“काहीच नाही?”

“अजून काही नाही सापडलं.”

त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. माझ्या दंडावर हात ठेवला. “तिला सांग, धीर सोडू नको. सुरुवातीला काही सापडत नाही. आम्हालासुद्धा...”

ते थांबले. माझ्याकडे बघितलं. वाक्य तिथंच राहिलं. बस आली, दार उघडलं. काका सावकाश चढले, मशीनला पास टेकवला आणि पुढच्याच सीटवर बसले, दूध मांडीवर घेऊन. बस वळेपर्यंत मी बघत होतो. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं नाही.